घरी जिंकायचं राहिलं

दरवर्षी १७ जानेवारीला आमच्या फॅमिली ग्रुपवर कोणीतरी कोबेच्या भूकंपाची आठवण काढतंच, कारण एक तर मी कोबेतच राहतो आणि दुसरं म्हणजे आमच्या घराला भूकंप हा विषय परका नाही. यंदा मामांनी एक फॉरवर्ड टाकलं. वर उगवत्या सूर्याचा फोटो आणि खाली भलामोठा मजकूर, की १९९५ साली जपानमधलं कोबे शहर बेचिराख झालं, तिथल्या बेसबॉल टीमने शपथ घेतली की शहराला पुन्हा उभं करू, त्याच वर्षी त्यांनी कप जिंकला आणि अख्खं शहर दुःख विसरून रस्त्यावर नाचलं. शेवटी हात जोडलेले इमोजी आणि 'कधीही हार मानू नका'. खाली आत्या, काकू, मेहुणे, सगळ्यांचे अंगठे. मीही अंगठा दिला, मामांशी सकाळी सकाळी कोण वाद घालणार, आणि ऑफिसला निघालो. पण ट्रेनमध्ये बसलो तरी ते काही डोक्यातून जाईना. कारण त्यांनी कप जिंकलाच नव्हता. त्या वर्षी कोबेच्या ओरिक्स ब्लूवेव्हने पॅसिफिक लीग, म्हणजे जपानच्या दोन लीगपैकी एक, जिंकली, ती पण दुसऱ्याच्या मैदानावर, आणि नंतरची जपान सिरीज, म्हणजे फॉरवर्डवाला जो काही कप म्हणतोय तो, चार-एकने हरले. आणि ही गोष्ट सांगणारे एक हमखास गाळतात, की ती टीम आता कोबेची राहिलेलीच नाही.

तसं चुकीच्या माहितीचं मला फार नसतं. फॉरवर्डमध्ये बरोबर माहिती असेल तर उलट शंका येते. मला टोचलं ते 'दुःख विसरून'.

आधी त्या सीझनबद्दल सांगतो. १७ जानेवारी १९९५, पहाटे ५:४६. टीमचा स्टार बॅटर इचिरो तेव्हा एकवीस वर्षांचा, टीमच्या हॉस्टेलवर राहायचा, कोबेतच. आदल्याच सीझनमध्ये त्याने २१० हिट्स मारून जपानमध्ये पहिल्यांदा दोनशेच्या पुढे जायचा पराक्रम केला होता, त्यामुळे पोरापोरांच्या तोंडी त्याचं नाव होतं. भूकंपात ६,४३४ माणसं गेली. शहराचा नागाता भाग तर नुसता कोसळला नाही, जळाला. अशा वेळी फेब्रुवारीत ओकिनावाकडच्या मियाको बेटावर जाऊन उन्हात बॅटिंगची प्रॅक्टिस करायची, हे खेळाडूंनाच कसंतरी वाटत होतं, त्यातल्या बऱ्याच जणांनी नंतर तसं बोलून दाखवलंय, की आपण हे काय करतोय, लोक शाळांच्या जिममध्ये पुठ्ठ्यांवर झोपलेत. घरच्या मॅचेस दुसऱ्या शहरात हलवाव्यात अशीही चर्चा होती. मालक मियाउची मात्र कोबेतच खेळायचं म्हणून अडून राहिले. मग बाहीवर 'गानबारो कोबे', म्हणजे 'कोबे, हिंमत धरू', लिहिलेले गणवेश आले आणि १ एप्रिलला ग्रीन स्टेडियम कोबेमध्ये लोत्तेविरुद्ध पहिली मॅच झाली. योगायोग असा की त्याच दिवशी ओसाका-कोबे मार्गावरची जेआर रेल्वेची तुटलेली लाईन पुन्हा जोडली गेली. आमच्या ऑफिसात रिटायरमेंटला आलेले एक गृहस्थ आहेत, ते तेव्हा नागाताजवळ राहायचे, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पहिल्या मॅचचं आठवतंय का विचारलं तर म्हणाले, मॅच नाही आठवत, ट्रेनचा आवाज आठवतो. अडीच महिने ऐकला नव्हता.

पण त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यात पक्की बसलीय. गॅस आला नव्हता म्हणून लोक सार्वजनिक न्हाणीघरांसमोर रांगा लावायचे, हातात टॉवेल आणि साबणाची डबी, एप्रिल असला तरी संध्याकाळी गारठा. रांगेत ओळखीचं कोणी भेटलं की प्रश्न ठरलेला, घर कसं आहे? आणि मग जरा आवाज खाली घेऊन, घरातले सगळे? या दुसऱ्या प्रश्नाला लोक घाबरायचे, विचारणाराही आणि सांगणाराही. तर सीझन सुरू झाल्यावर चार-पाच दिवसांत रांगेत मागून कोणीतरी पुढच्याला विचारलं, काल इचिरोने किती मारले? आणि पुढच्याने सांगितलं, दोन. बस्स, एवढंच. ते म्हणाले, मला बेसबॉलचं काही विशेष नव्हतं, मी आपला टेनिसवाला माणूस, पण त्या दिवशी बरं वाटलं कारण कितीतरी दिवसांनी कोणीतरी असा प्रश्न विचारला होता ज्याचं उत्तर सोपं होतं.

हे मला समजावून सांगायची गरज नव्हती.

आमचं गाव उमरगा-लोहारा पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३. मराठी वाचणाऱ्याला त्या पहाटेचं वेगळं काय सांगायचं, आदल्या रात्रीचं विसर्जन, ३:५६ ची वेळ, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. मी लहान होतो, गणपतीच्या गडबडीत बाहेर ओट्यावरच झोप लागली म्हणून वाचलो. आज्जी आत होती. मला त्या दिवसांचं सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर तो प्रश्न, 'तुमच्याकडं किती?' एवढाच. कोणी कोणाला नमस्कार-चमत्कार करायचं नाही, बांधावर भेटलं, टँकरला भेटलं, की तुमच्याकडं किती? आणि समोरचा बोटं दाखवायचा. फॉर्म घेऊन येणारे साहेब, पत्रकार, मिलिटरीवाले, कॉलेजची पोरं, सगळ्यांचा तोच प्रश्न. आबा माझे तसे बोलके, बाजारच्या दिवशी चार गावांची खबर आणणारे, पण नंतर ते कामापुरतंच बोलायचे. पाणी आण. पत्रा धर. झोप.

नोव्हेंबरमध्ये आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो. दिवसा तापायचं आणि रात्री हुडहुडी. एका संध्याकाळी उमरग्याहून कोणीतरी छोटा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही आणला, ट्रॅक्टरची बॅटरी काढून त्याला जोडली, आणि हिरो कपची सेमीफायनल लागली, आपली आणि साऊथ आफ्रिकेची, ईडन गार्डन्सला दिव्यांच्या उजेडातली. अँटेना धरायला एक पोरगं शेडवर चढवलेलं. शेवटच्या ओव्हरला त्यांना सहा रन हवेत. कपिल आहे, श्रीनाथ आहे, आणि अझरने बॉल दिला सचिनला, ज्याने त्या मॅचमध्ये तोवर एक ओव्हर टाकलेली नाही. मागून आबांचा आवाज आला, "आरं, ह्या पोराला कशाला दिलाय बॉल? डोकं फिरलंय का?" सगळे वळून बघायला लागले. सचिनने सहा बॉलमध्ये तीन रन दिले, आपण दोन रननी जिंकलो, शेडमध्ये आरडाओरडा झाला, पण मला आजही मॅचपेक्षा आबांचं चिडणं जास्त आठवतं. ते अझरवर खरोखर चिडले होते. त्या दोन महिन्यांत त्यांना चिडायला कोणी मिळालंच नव्हतं, जमिनीवर कोण किती चिडणार. दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत गप्प. दुःख वगैरे काही विसरले नव्हते. पण संध्याकाळी शेजारच्या शेडमधल्या म्हाताऱ्याशी वीस मिनिटं त्याच ओव्हरवरून हुज्जत घालत बसले होते, हे मी पाहिलंय.

म्हणून ओरिक्सच्या त्या सीझनबद्दल वाचताना, जुनी फुटेज बघताना मला मॅनेजर ओगींमध्ये फार रस वाटतो. ओगी अकिरा हे प्रकरण मजेशीर होतं. लायनअप रोज बदलायचे. काल तीन हिट मारणारा आज बाकावर, आणि ज्याला कोणी विचारत नाही तो चौथ्या नंबरवर, म्हणजे मुख्य बॅटरच्या जागी. लोक त्याला ओगी मॅजिक म्हणायचे, हरले की मात्र वेगळं काहीतरी म्हणत असणार. सुझुकी इचिरो या अगदी सरळसाध्या नावातलं आडनाव उडवून पाठीवर नुसतं इचिरो लिहायचं, तेही याच माणसाने आदल्या वर्षी घडवून आणलं. ९५ मध्ये त्यांनी मॅच संपवायची जबाबदारी दिली हिराई नावाच्या वीस वर्षांच्या पोराला. वीस! आबांचा प्रश्न तिथेही कोणीतरी विचारला असणारच. पोराने १५ मॅच जिंकल्या आणि वर २७ सेव्ह काढले, म्हणजे पुढे असलेल्या मॅच शेवटी येऊन राखल्या. दुसऱ्या टोकाला सातो योशिनोरी, वय चाळीस, एक्केचाळीस पूर्ण व्हायला आलेली, ऑगस्टमध्ये किनतेत्सुविरुद्ध एकही हिट न देता त्याने अख्खी मॅच काढली. इतक्या वयात तोवर जपानमध्ये हे कोणाला जमलं नव्हतं. आणि मध्ये इचिरो. ॲव्हरेजमध्ये पहिला, चोरलेल्या बेसेसमध्ये, म्हणजे हिटशिवाय पळून पुढचा बेस गाठण्यात, पहिला, धावा घरी आणण्यात पहिला, आणि होमरन २५, सगळ्यात जास्त होते कोकुबोचे २८. म्हणजे तीन होमरन आणखी असते तर तिथेही पहिला. तो काही धिप्पाड होमरनवाला नव्हे, काटकुळा, पाय उचलून घड्याळाच्या लंबकासारखा झुलवत मारणारा. त्या वर्षीच्या फोटोंमध्ये बाहीवरचं 'कोबे' बॅट फिरताना कायम धूसर आलेलं असतं, आणि मला ते बरं वाटतं, कारण स्पष्ट वाचता आलं की ते पोस्टर होतं.

जूनपासून टीम पुढे निघून गेली ती गेलीच. शेवटी ८२ विजय, ४७ पराभव, एक बरोबरी, दुसऱ्या नंबरच्या लोत्तेपेक्षा तब्बल बारा मॅचेसने पुढे. म्हणजे लीग जिंकणार का हा प्रश्नच उरला नव्हता, प्रश्न होता कुठे जिंकणार. तिकडे मॅजिक नंबर नावाची पद्धत असते, आणखी किती जिंकलं की गणित संपलं तो आकडा. तो सप्टेंबरच्या मध्यावर एकवर आला, आणि टीम नेमकी घरी होती. घरच्या मैदानावर फक्त एक. लोक कुठून कुठून आले, तात्पुरत्या घरांतून, नातेवाइकांकडून, काही जण ओसाकाला पांगलेले होते तिथून. जिंकल्यावर मॅनेजरला हवेत उडवायची तिकडे पद्धत आहे, ते बघायचं होतं, आपल्या मातीवर. आणि टीम हरली. दुसऱ्या दिवशी परत स्टेडियम भरलं, परत हरली. मग परत. ज्या टीमने सहा महिने सगळ्यांना धुतलं तिला घरच्या लोकांसमोर एक मॅच जिंकता येईना. हात जड झाले होते म्हणतात, बॅटचे सुद्धा आणि बॉलचे सुद्धा. पुढे १९ सप्टेंबरला टोकियोजवळच्या तोकोरोझावात, सेइबूच्या मैदानावर, पहिल्याच फटक्यात जिंकले. ओगींना उडवलं तिथे, पाचशे किलोमीटर लांब, आणि कोबेवाल्यांनी ते टीव्हीवर पाहिलं.

मला या सीझनमधला सगळ्यात आवडता भाग हाच आहे, हे विचित्र वाटेल. पण विचार करा, त्या रात्री हरून घरी जाताना लोक काय बोलले असतील. ओगीने आज याला का खेळवला, त्याला का नाही, उद्या बघ. हजारो माणसं, ज्यांच्या घराची भिंत नाही, ज्यांची माणसं गेली, ती सबवेत उभी राहून टीमला शिव्या घालतायत, कपाळाला हात लावतायत. अशी हळहळ की जिच्यात कोणी मरत नाही. उद्या परत यायचं आहे ही जी गोष्ट आहे, ती किती महिन्यांनी त्यांच्या वाट्याला आली असेल. जिंकून नाचणाऱ्या गर्दीपेक्षा ही हरून चिडलेली गर्दी मला जास्त ओळखीची वाटते. अर्थात मी तिथे नव्हतो, मी तेव्हा नव्या गावात, एकसारख्या घरांच्या सरळ गल्ल्यांमध्ये आपलं घर शोधायला शिकत होतो. त्यामुळे हे माझं मनचं समजा.

जपान सिरीजमध्ये समोर याकुल्ट स्वॅलोज. होय, तेच याकुल्ट, छोट्या बाटलीवालं, आता आपल्याकडेही मिळतं. त्यांचे मॅनेजर नोमुरा म्हणजे पक्का डोक्याने खेळणारा माणूस, आणि कॅचर फुरुता, चष्मेवाला, त्याहून चाणाक्ष. दोघांनी मिळून इचिरोला जखडून टाकला. पहिल्या दोन मॅच कोबेत, दोन्ही हरले. पुढच्या टोकियोत, त्यातली एक जिंकली, बाकीच्या गेल्या, पाच मॅचेसमध्ये खेळ खलास. कोबेला परत यायची वेळच आली नाही.

९६ साली मात्र सगळं मनासारखं झालं. सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर, एक्स्ट्रा इनिंगमध्ये, इचिरोनेच डबल मारून लीग जिंकून दिली, ओगी कोबेच्या आकाशात उडाले, आणि मग जपान सिरीजमध्ये योमिउरी जायंट्ससारख्या श्रीमंत, अख्ख्या देशाच्या लाडक्या टीमला चार-एकने लोळवून तीही घरीच जिंकली. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ही दोन वर्षं एकत्र शिजवली असावीत, दोष त्याचा नाही, इथले टीव्हीवालेही जानेवारीत तेच करतात, भूकंपाचे काळे ढग, मग बाहीचा क्लोजअप, मग हवेतले ओगी, दीड मिनिटात. त्या दीड मिनिटात तात्पुरत्या घरांना जागा नसते. ४८ हजारांच्या वर तशी घरं बांधली होती, बरीचशी शहराच्या कडेला, डोंगरापलीकडे, समुद्रातल्या भराव टाकलेल्या बेटांवर. वाटप करताना म्हाताऱ्यांना आधी दिली, चांगल्या हेतूने, आणि त्यात जुने शेजारी तुटले, आणि मग तिथे एकेकटे म्हातारे मरायला लागले, कोणाला कळायचं पण नाही. ज्या वर्षी इचिरो घरी डबल मारत होता त्याही वर्षी हे चालूच होतं. यात टीमचा काही दोष नाही, बॅट-बॉलवाल्यांकडून कोणी ही अपेक्षाही करू नये. फक्त एवढंच की दोन्ही एकाच शहरात, एकाच सप्टेंबरमध्ये झालं, आणि एकाने दुसरं पुसलं नाही.

आणि नंतर टीम गेली.

इचिरो २००० नंतर सिॲटलला गेला. प्रेक्षक घटले. जून २००४ मध्ये बातमी आली की तोट्यात चाललेली ओसाकाकडची किनतेत्सु आणि ओरिक्स एकत्र होणार. लोकांनी सह्या गोळा केल्या, मोर्चे काढले, सप्टेंबरमध्ये खेळाडूंनी दोन दिवस संप केला, जपानी प्रोफेशनल बेसबॉलच्या इतिहासात पहिल्यांदा, आणि त्या संपाचा पुढारी कोण, तर तोच चष्मेवाला फुरुता, ज्याने ९५ ला कोबेवाल्यांना रडवलं होतं. संपामुळे उत्तरेत सेंदाईला एक नवी टीम मिळाली, पण हे दोघांचं एकत्र होणं काही थांबलं नाही. ब्लूवेव्ह हे नाव गेलं, ओरिक्स बफेलोज झालं. पहिल्या वर्षी या खिचडी टीमला सांभाळायला ओगींना परत बोलावलं, ते सत्तर वर्षांचे, आजारी, हे नंतर बाहेर आलं. २००५ चा सीझन त्यांनी पूर्ण केला आणि डिसेंबरमध्ये गेले. मला कधी कधी वाटतं मालकांनी ९५ ला कोबेतच खेळू म्हणून जो हट्ट धरला तो खराच होता, आणि २००४ चा हिशेबही खराच होता, आणि कोबेच्या माणसाला दोन्ही एकाच खात्यात कसे मांडायचे ते आजतागायत कळलेलं नाही. ऑफिसातल्या त्या गृहस्थांना विचारलं तर ते फक्त, हं, कंपनी आहे ना, एवढंच म्हणतात. जपानी माणसाचं हे 'हं' फार लांबलचक असतं.

स्टेडियम अजून आहे. सबवेने सोगो-उंदो-कोएन स्टेशनला उतरलं की समोरच. नाव मात्र दर काही वर्षांनी बदलतं, नावाचे हक्क विकतात, २०११ पासून बेंतो, म्हणजे जेवणाचे तयार डबे, विकणाऱ्या एका कंपनीचं नाव लागलं. पण काय सुंदर मैदान आहे, खरं गवत, मागे झाडी, संध्याकाळी वारा सुटला की गवताचा वास थेट स्टँडमध्ये येतो, ओसाकाच्या डोममध्ये बसून बेसबॉल बघणं म्हणजे मॉलमध्ये बसल्यासारखं वाटतं त्यापुढे. पाठीवर बियरची टाकी घेऊन पायऱ्या चढणाऱ्या पोरी, पाचव्या इनिंगनंतर फटाके. ओरिक्स वर्षातून थोड्याच मॅचेस इथे खेळते, आणि त्या दिवशी निळ्या जुन्या टोप्या घातलेले लोक कुठून तरी उगवतात, साठीचे, सत्तरीचे, रंग उडालेल्या टोप्या, त्यावर ब्लूवेव्हचं चिन्ह. मधूनच टीम जुन्या धर्तीचे गणवेश घालून खेळते तेव्हा तर बायकासुद्धा रुमाल काढतात.

२७ नोव्हेंबर २०२१ ला मी तिथे होतो. ओरिक्सने पंचवीस वर्षांनी लीग जिंकली होती, जपान सिरीजची सहावी मॅच, आणि ओसाकाचा डोम आधीच कॉन्सर्टसाठी बुक झालेला, म्हणून मॅच कोबेत आली. म्हणजे त्याही वेळी कोबेच्या वाट्याला ती आली कारण डोम रिकामा नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच त्याचं काही नव्हतं. समोर कोण? याकुल्ट! कोविडचे दिवस, ओरडायला बंदी, फक्त टाळ्या. नोव्हेंबरच्या शेवटची उघड्यावरची रात्र, मी दोन स्वेटरवर जॅकेट घालूनही कुडकुडत होतो, हजारो लोक हातमोजे घालून टाळ्या वाजवतायत, त्यामुळे टाळ्यांचा आवाजही दबलेला, उशीवर मारल्यासारखा. ओरिक्सच्या यामामोतो योशिनोबूने नऊ इनिंग टाकल्या, १४१ बॉल, एकच रन दिला, आणि त्याच्या टीमने पण एकच केला. शेजारी एक आजीबाई, निळी टोपी, मांडीवर लोकरी पांघरूण, थर्मासमधून चहा ओतून दर इनिंगला एक घोट. माझ्याशी बोलायचं त्यांना काही कारण नव्हतं, पण अकराव्या इनिंगला इतक्या थंडीत कोणीही कोणाशी बोलतं. ९५ ला पण होतात का, मी विचारलं. होते म्हणाल्या, तिथे, आणि पहिल्या बेसच्या मागे वर कुठेतरी हात केला. मग हळूच म्हणाल्या, तेव्हापासून मी याकुल्ट प्यायचं सोडलं. मी हसलो, त्या हसल्या नाहीत, मग जरा वेळाने हसल्या. बाराव्या इनिंगला कावाबाताने डाव्या बाजूला एक साधीच हिट मारली, रनर दुसऱ्या बेसवरून सुसाट घरी आला, दोन-एक, आणि थोड्याच वेळात याकुल्टवाले कोबेच्या गवतावर त्यांच्या मॅनेजरला उडवत होते. रात्रीचे अकरा वाजून गेलेले. आजींनी थर्मासचं झाकण लावलं आणि ओगीला पिचर बदलायची सवय होती, ओरिक्सच्या या मॅनेजरने उशीर केला, असं म्हणाल्या. उशीर बिलकुल झाला नव्हता, माझ्या मते. आम्ही स्टेशनपर्यंत त्यावर वाद घातला.

आता आमच्या घरात प्रॉब्लेम वेगळाच आहे. चिरंजीव हानशिन टायगर्स या दुसऱ्याच बेसबॉल टीमवाले झालेत. वर्गातली सगळी पोरं हानशिनवाली, कोबेत राहून दुसरं काही असणं त्यांना सुचतच नाही. २०२३ ला हानशिनने ओरिक्सलाच हरवून जपान सिरीज जिंकली तेव्हा हा पठ्ठ्या पिवळी-काळी टोपी घालून माझ्यासमोर जेवायला बसला होता. यामामोतो त्याला माहितीय, पण अमेरिकेतल्या डॉजर्सचा म्हणून, २०२५ ला तिकडच्या वर्ल्ड सिरीजमध्ये मॅन ऑफ द सिरीज का काय झाला तो. मी म्हटलं अरे तो आपल्या इथल्या मैदानावर, सबवेने सात स्टेशनं, मी समोर बसलो होतो, १४१ बॉल. त्याने विचारलं, मग जिंकले?

नाही.

मग ९५ ला?

तेव्हा पण नाही, म्हटलं, पण थांब, त्यातली चौथी मॅच ऐक. तीन हरलेत, ही हरले की संपलं. टोकियोचं जिंगू मैदान, एक-एक बरोबरी, अकरावी इनिंग, याकुल्टचे दोन रनर बेसवर, एक हिट आणि खेळ खलास. बॅटिंगला ओमॅली, अमेरिकन, आधी तुझ्या त्या हानशिनकडूनच खेळायचा. बॉलिंगला कोबायाशी, फारसं नाव नसलेला पोरगा. एक टाकतो, फाऊल. परत टाकतो, फाऊल. एक तर उजवीकडे इतका लांब गेला की सगळे उभे राहिले, होमरनच, पण खांबाच्या बाहेरून गेला. आतल्या बाजूला टाक, बाहेर टाक, वर टाक, हा प्रत्येक बॉलला बॅट लावतोच. दहा झाले. अकरा. बारा. बायको आतून म्हणाली आता जेवायला बसणार आहात का, आणि पोरगा म्हणाला, आई थांब ना, चौदावा कुठे टाकला ते सांगतायत. मी चौदा म्हटलंच नव्हतं अजून. गाढवाने फोनवर आधीच शोधून ठेवलं होतं.